मुलांना घेऊन इफ्फी: मुंबईहून पणजीचा एक दिवस

आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी, पहिल्यांदा १९५२ साली भरला तो आपल्या मुंबईतच. २००४ पासून तो पणजीत, मांडवीच्या काठावर भरतो, बहुधा २० ते २८ नोव्हेंबर. कुटुंबासह जायचे तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या, कारण बहुतेकांचा बेत तिथेच फसतो. महोत्सवातल्या बऱ्याच सिनेमांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र नसते, महोत्सवापुरती सवलत असते. त्यामुळे सभागृहातले खेळ प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवलेल्या, १८ वर्षांवरील लोकांसाठीच असतात. "लहान आहे, मांडीवर बसेल" हे दारावर चालत नाही. म्हणून आईबाबांनी आळीपाळीने एकेक सिनेमा बघायचा आणि मुलांचा दिवस बाहेर आखायचा. असा बेत केला तर दिवस खरोखर छान जातो.

दिवस निवडताना २० आणि २८ टाळा. उद्घाटन-समारोपाला खेळ कमी असतात आणि बंदोबस्त जास्त. मधला शनिवार शाळेच्या दृष्टीने सोयीचा, फक्त त्या दिवशी तिकिटे पटापट संपतात. शुक्रवारी रात्री सीएसएमटी, दादर किंवा ठाण्याहून कोकणकन्या एक्सप्रेस धरा आणि सकाळी करमळीला उतरा. थिवीला उतरू नका, ते म्हापशाच्या बाजूला आहे. करमळीहून पणजी साधारण १२ किलोमीटर. टॅक्सीत बसण्याआधीच भाडे ठरवून घ्या. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठला उघडते. सप्टेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांतली ती सकाळ चुकली, तर वेटिंगवर लटकावे लागते.

परत यायला रविवारची मांडवी एक्सप्रेस घ्या. शनिवारी संध्याकाळचीच गाडी पकडली तर महोत्सवाची सगळ्यात सुंदर वेळ, म्हणजे अंधार पडल्यानंतरची, हातची जाते. एका रात्रीची खोली पणजीतच बघा. पलीकडे पर्वरीला स्वस्त मिळते खरी, पण संध्याकाळी पुलावर वाहने अडकतात आणि पेंगुळलेल्या पोराला घेऊन त्या रांगेत बसणे जिवावर येते.

दोघा मोठ्यांची ऑनलाइन नोंदणी महोत्सवाआधीच करा. फोटो ओळखपत्राची मूळ प्रत जवळ ठेवा, प्रतिनिधीचे कार्ड घेताना ती लागते. गळ्यातले कार्ड म्हणजे तिकीट नव्हे. प्रत्येक खेळाची जागा वेगळी आरक्षित करावी लागते आणि गाजलेल्या सिनेमांच्या जागा बुकिंग उघडल्यावर काही मिनिटांत संपतात. तेव्हा पहिली पसंती हुकली तर दुसरी कोणती, हे घरीच कागदावर लिहून ठेवा. जागा नाहीच मिळाली तर रश लाइनमध्ये उभे राहा. तिकीटवाले आत गेल्यावर उरलेल्या खुर्च्या त्या रांगेला मिळतात. उलट, तिकीट असूनही ऐनवेळी पोचलात तर तुमची खुर्ची दुसऱ्याला जाऊ शकते. किमान वीस मिनिटे आधी दारात हवे.

आता अंतरांचा हिशेब. सिनेमे दाखवतात ते आयनॉक्स चित्रपटगृह आणि शेजारचा माकिनेझ पॅलेस एकाच आवारात आहेत. तिथून नदीकाठाने कला अकादमी चालत दहा-पंधरा मिनिटे, पुढे मिरामारचा किनारा अंदाजे दीड किलोमीटर. एक जण सिनेमात असताना दुसऱ्याने मुलांना कांपालच्या बागेत खेळू द्यावे, किंवा मिरामारच्या विज्ञान केंद्रात न्यावे. ऊन चढले की विज्ञान केंद्रच बरे. कला अकादमीची वास्तू चार्ल्स कोरिया यांची. मोकळ्या पडव्या थेट नदीकडे उघडतात, तिथे बसले की वारा लागतो. आतल्या नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे, हे मुलांना आवर्जून सांगा. पहिला सिनेमा दुपारी एकच्या आत संपेल असा निवडा, कारण तीननंतर बऱ्याच खाणावळी बंद होतात आणि थेट संध्याकाळी उघडतात. त्या मधल्या वेळेसाठी पिशवीत केळी, चिक्की, पाणी असू द्या. सभागृहात खाणे नेता येत नाही, म्हणून ती पिशवी बाहेर थांबणाऱ्याकडेच राहील.

तारे बघायचे तर आयनॉक्सच्या आवारातला रेड कार्पेट. कठड्याशी पुढची जागा मिळवायला तासभर आधी उभे राहावे लागते. मूल सात-आठ वर्षांच्या आतले असेल तर हा नाद सोडा. उंच माणसांच्या पाठी आणि वर धरलेले मोबाइल, यापलीकडे त्याला काही दिसत नाही.

खुल्या पडद्यावरचे खेळ मात्र सगळ्यांचे. मिरामारच्या वाळूवर असे खेळ झाले आहेत. यंदा कुठे आणि कुठला सिनेमा, ते वेळापत्रकात पाहून घ्या. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पडदा नीट दिसायला पुरता अंधार लागतो. साडेपाचला पोचून मुलांना वाळूत खेळू द्या, पाण्यात मात्र उतरू देऊ नका. मांडवी तिथेच समुद्राला मिळते, ओढ फसवी असते. बसायला नुसती चादर पुरत नाही. वाळूतला ओलावा अर्ध्या तासात कपड्यांपर्यंत येतो, म्हणून खाली प्लॅस्टिकची चटई आणि वर चादर. डासांचे मलम आणि धाकट्यासाठी पातळ स्वेटर घ्या. ध्वनिक्षेपकाच्या अगदी पुढ्यात बसू नका, मधोमध थोडे मागे बसा. परतताना गाड्यावरचे गरम रस ऑम्लेट, म्हणजे रस्सा ओतलेले ऑम्लेट, पावासोबत घ्या. मुलांसाठी रस्सा वेगळा मागा, तो तिखट असतो.