फ्रीजला बाहेरून टेंपरेचर कंट्रोलर लावून घरची बिअर कशी आंबवायची

टेक्ससमधल्या आमच्या गॅरेजमधे मी पहिली बिअर ऑगस्टमधे लावली होती, आणि बाटली उघडली तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. रेसिपी बरोबर होती, भांडी स्वच्छ होती, फक्त यीस्टला उकाडा झाला होता. यीस्ट जास्त गरम झालं की नको ते अल्कोहोल आणि एस्टर (तीव्र वासाची रसायनं) बनवतं, आणि ते एकदा बनले की नंतर कितीही थंड करा, जात नाहीत. म्हणून आता कोणी नव्याने सुरू करतोय म्हटलं की मी हेच सांगतो, महागडं भांडं नंतर घे, आधी एक जुना फ्रीज आणि एक कंट्रोलर घे.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. अमेरिकेत १९७८ च्या फेडरल कायद्याने घरी बिअर बनवायला परवानगी दिली, घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत, विकायची मात्र नाही, आणि आपल्या राज्याचे नियम वेगळे बघायचे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे तिकडे बिअरच्या भानगडीत पडू नका, पण हाच सेटअप इडलीच्या पिठाला चालतो, ते शेवटी.

आता कंट्रोलर कशाला, तर फ्रीजचा स्वतःचा थर्मोस्टॅट दूध-भाजी टिकवण्यासाठी असतो, तो फारतर ७-८ डिग्रीपर्यंत वर जातो, आणि आपल्याला हवेत एल प्रकारच्या बिअरला १८ ते २० आणि लागरला १० ते १३. कंट्रोलर भिंतीचा प्लग आणि फ्रीज यांच्या मधे बसतो, आत सोडलेल्या प्रोबवरून (वायरच्या टोकाला असलेला सेन्सर) तापमान वाचतो आणि फ्रीजची वीज चालू-बंद करतो. फ्रीज उघडायचा नाही, वायर कापायची नाही. मी इंकबर्डचा आयटीसी-३०८ वापरतो, त्याला थंड करायला एक आणि गरम करायला एक असे दोन सॉकेट आहेत.

फ्रीज घेताना साधा, गोल बटणाचा घ्या. डिजिटल पॅनेलवाले काही फ्रीज वीज जाऊन आली की आपोआप सुरू होत नाहीत, तेव्हा विकत घेण्याआधी प्लग काढून परत लावून बघा. छोट्या फ्रीजमधे मागे खाली कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो, म्हणून फर्मेंटरच्या (बिअर आंबवायच्या भांड्याच्या) मापाचा पुठ्ठा कापून सोबत न्या. डीप फ्रीझर स्वस्त मिळतो पण ५ गॅलनचा भरलेला फर्मेंटर २० किलोच्या वर जातो आणि तो वाकून आत उतरवायचा म्हणजे कमरेची परीक्षा, माझं मत उभ्या फ्रीजलाच. आणताना आडवा झाला असेल तर काही तास उभा ठेवूनच चालू करा.

जोडणी पाच मिनिटांची आहे. फ्रीजचं स्वतःचं बटण सगळ्यात थंडवर, प्लग थंडच्या सॉकेटमधे, प्रोबची वायर दाराच्या रबरातून आत. पातळ एक्स्टेंशन कॉर्ड नको, कॉम्प्रेसर सुरू होताना करंट जास्त ओढतो. त्याआधी प्रोब एकदा तपासा, ग्लासभर बारीक बर्फात थोडं पाणी घालून दोन-तीन मिनिटं ढवळायचा, शून्य दाखवलं पाहिजे, नसेल तर जो फरक येतो तो कंट्रोलरच्या सीए (प्रोबची चूक दुरुस्त करायच्या) सेटिंगमधे भरा.

प्रोब कुठे लावता यावर सगळं आहे. हवेत लटकवला तर हवा पटकन गार होते, फ्रीज बंद पडतो, आणि आत बिअर गरमच राहते, कारण आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत बिअर आजूबाजूच्या हवेपेक्षा ३ ते ५ डिग्री गरम असू शकते. म्हणून प्रोब फर्मेंटरच्या बाहेरून, बिअर जिथवर भरलीये त्या उंचीच्या मधोमध दाबून चिकटवा आणि वरून बबल रॅप किंवा स्पंजची जाड घडी टेपने घट्ट लावा. घडी नसेल तर प्रोब परत हवाच वाचणार.

सेटिंग: टीएस (हवं ते तापमान) १९, सीडी (थंड करणं सुरू व्हायचा फरक) ०.५, एचडी (गरम करणं सुरू व्हायचा फरक) ०.५. म्हणजे १९.५ झालं की फ्रीज सुरू, १९ ला बंद. पीटी म्हणजे कॉम्प्रेसर परत सुरू व्हायच्या आधीची थांबायची वेळ, ती ५ मिनिटं तरी ठेवा, सारखं चालू-बंद झालं तर कॉम्प्रेसर जळतो. थंडीत गॅरेज गार पडत असेल तर रोपांसाठी मिळते ती हीट मॅट फर्मेंटरभोवती गुंडाळून गरमच्या सॉकेटला लावा, उजेडाचा बल्ब मात्र नको, प्रकाशाने हॉप्सला (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घाण वास येतो. वर्ट (अजून न आंबलेलं बिअरचं गोड पाणी) आधी १९ च्या आसपास आणा आणि मगच यीस्ट घाला, ३० ला घालून फ्रीजवर सोडून देऊ नका, तेवढं गार करायला त्याला कितीतरी तास लागतात आणि तोपर्यंत बिघडायचं ते बिघडून जातं.

पहिले तीन-चार दिवस आकड्याला हात लावू नका. मग फेस बसायला लागला की २१ पर्यंत वाढवा म्हणजे यीस्ट उरलेलं काम संपवतं, लागरला तर १६-१८ वर दोन दिवस हवेतच नाहीतर बटरसारखी चव राहते. हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजायचं साधन) आकडा तीन दिवस तोच आला, म्हणजे आंबणं संपलं, की मग २ डिग्रीवर न्या, गाळ खाली बसतो. त्यावेळी एअरलॉकमधलं (झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी पाण्याची नळी) पाणी आत ओढलं जातं, म्हणून आधी तो काढून छिद्र घट्ट बंद करा, पण कडक काचेच्या किंवा स्टीलच्या फर्मेंटरलाच, मऊ प्लास्टिकचा आत दबतो.

बंद फ्रीजमधे ओल साठते आणि दाराच्या रबराला काळी बुरशी धरते. ओल शोषणारा एक डबा आत ठेवा, दर बॅचनंतर सगळं पुसून दार उघडं ठेवा.

आणि इडलीचं पीठ: जानेवारीत आमचं घर १८ डिग्रीवर असतं, पीठ काही हलत नाही. फ्रीजचा प्लग काढून फक्त हीट मॅट लावतो, टीएस ३०, प्रोब पातेल्याला त्याच घडीखाली, आणि पातेलं अर्धंच भरलेलं, सकाळी फुगून वर आलेलं असतं.