जपानी पातं, पाश्चात्त्य मूठ: ग्युतो घरी कशी बनवायची

ग्युतो म्हणजे जपानी शेफ नाइफ. मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, जपानमध्ये मांसाहार आणि पाश्चात्त्य स्वयंपाक वाढला आणि तिथल्या कारागिरांनी फ्रेंच शेफ नाइफ समोर ठेवून आपल्या पद्धतीने ही सुरी घडवली. मुळातच दोन घरची सुरी, त्यामुळे पहिली कस्टम सुरी करायची तर हीच करा असं मी सांगेन.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. अष्टकोनी मूठ लावली किंवा पात्यावर लाटांची नक्षी आली म्हणून सुरी जपानी होत नाही, ती जपानी होते पात्याच्या जाडीने, धारेच्या मागे पोलाद किती कमी ठेवलंय त्याने. सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जपानमधल्या साकाई शहरात तर घडवणारा वेगळा आणि घासून धार लावणारा वेगळा, दोन्ही स्वतंत्र कारागीर, इतकं ते घासणं महत्त्वाचं. म्हणून सगळ्यात जास्त वेळ तिथे द्या.

पोलाद ओएचएनएस घ्या, म्हणजे तेलात बुडवून कडक होणारं टूल स्टील. डाय-पंचसाठी सर्रास वापरतात, टूल स्टीलच्या दुकानात पट्टी मिळते, ३ मिमी जाड, ५० मिमी रुंद, साधारण ३५० मिमी लांब पुरे. भंगारातला गाडीचा पाटा फुकट मिळतो खरा पण त्यात कार्बन कमी असतो, कोयत्याला उत्तम, या सुरीला नको.

आधी पुठ्ठ्यावर आकार काढा. पातं २१० मिमी, मुठीजवळ उंची ४८ मिमी, मागचा अर्धा भाग जवळपास सरळ आणि तिथून टोकाकडे हलकी गोलाई. जर्मन सुरीसारखी जास्त गोलाई दिलीत तर ती डोलवत कापावी लागते, आणि या सुरीची खरी मजा पुढे ढकलत कापण्यात आहे. मुठीचा भाग ११५ ते १२० मिमी, पोलाद शेवटपर्यंत जाऊ द्या म्हणजे दोन्ही बाजूंनी लाकूड बसवता येतं, हा झाला पाश्चात्त्य भाग. पिनांची भोकं आत्ताच पाडा, कडक झाल्यावर ड्रिल चालणार नाही, आणि लाकडाखाली झाकला जाईल तिथे दोन-चार जादा भोकं पाडा म्हणजे मागचं वजन कमी होऊन तोल पात्याकडे येतो.

आकार कापून झाला की बेल्ट ग्राइंडर किंवा कानस घेऊन दोन्ही बाजू उतरत्या करा. कानशीने वेळ लागतो पण हाताला अंदाज येतो, ग्राइंडरवर एक सेकंद जास्त थांबलात की खड्डा. पाठ मुठीजवळ २.५ मिमी, मध्यावर २ च्या आत, टोकाकडे १ मिमी. धारेची कड मात्र आत्ता ०.७ मिमी ठेवाच, त्याहून पातळ केली तर तेलात बुडवताना पातं वाकतं. दोन्ही बाजू सारख्या घासा, वाकण्याचं दुसरं कारण तेच.

आता पोलादाला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून झटकन गार करून कडक करायचं, पण पाण्यात नाही, तेलात. साधारण ८०० अंशांना पातं दहा मिनिटं ठेवायचं आणि ५०-६० अंश गरम केलेल्या तेलात टोक खाली करून सरळ बुडवायचं, आडवं हलवायचं नाही. तेल पेट घेऊ शकतं म्हणून धातूचं खोल भांडं, झाकण हाताशी, काम उघड्यावर, आणि पेटलं तर पाणी अजिबात ओतायचं नाही. भट्टी नसेल तर सरळ एमआयडीसीत हार्डनिंगचं जॉबवर्क करणाऱ्याकडे द्या, ६० एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप) हवं म्हणून सांगा, टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला परत हलकं तापवणं, तेच करून देतील. मला हाच रस्ता जास्त पटतो, कारण तापमानाचा अंदाज डोळ्यांनी घेणं अवघड, लोहचुंबक चिकटायचं थांबतं ते ७७० च्या आसपास, तिथून पुढचं सगळं रंग बघून. घरी केलंत तर पातं हातात धरण्याइतकं गार झालं की टेम्परिंगसाठी लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, गार करून परत दोन तास, आणि ओव्हनच्या बटणावर विश्वास न ठेवता आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

यानंतर खरं काम. धारेची कड ०.७ वरून ०.२-०.३ मिमीपर्यंत आणायची. हातमोजे न घालता घासा, बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा, परत घासा. कडेवर निळा रंग आला की तिथला कडकपणा गेला, तेवढा भाग घासून काढावा लागतो. मास्क लावाच, पोलादाची धूळ फुप्फुसात जाते. मग १२०, २२०, ४०० असा पॉलिश पेपर हाताने मारा, शेवटच्या रेघा सगळ्या एकाच दिशेला.

मुठीला शिसम छान, फक्त त्याच्या धुळीने काहींना खाज येते. लाकूड आणि पोलाद दोन्ही खरखरीत करून, पुसून, इपॉक्सी लावा, पितळी पिना ठोका, क्लँपमध्ये चोवीस तास ठेवा. मग आकार द्या, पण बोटं जिथे पातं चिमटीत धरतात तिथली पाठीची कड गोल करायला विसरू नका, तासभर कांदे चिरताना तिथेच घट्टे पडतात.

धार सगळ्यात शेवटी. १००० ग्रिटचा धारेचा दगड, मग त्याहून बारीक ३००० चा. प्रत्येक बाजूला १५ अंश, म्हणजे ४८ मिमी उंचीच्या पात्याची पाठ दगडापासून साधारण १२ मिमी वर. एका बाजूला घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोटाला कडेची बारीक खरखर पूर्ण लांबीभर लागली की बाजू बदला, शेवटी हलक्या हाताने ती खरखर काढून टाका. टोमॅटो दाब न देता कापला गेला पाहिजे, नाही गेला तर धार अजून पूर्ण लागलेली नाही, परत दगडावर घासा. या धारेने नारळ, हाडं, फ्रीझरमधलं गोठलेलं मांस कापायचं नाही, तुकडा उडेल. आणि हे स्टेनलेस नाही, लिंबू-कांदा कापला की लगेच पुसा, पावसाळ्यात तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी ठेवा.