मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला घरी आणण्याआधी

शेल्टरमध्ये चाकांच्या गाडीवर धावणारं कुत्रं पाहिलं की लोक आधी गाडीचीच चौकशी करतात. कुठे मिळते, केवढ्याला पडते. गाडी सगळ्यात शेवटी आणा. त्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून एक गोष्ट ठरवा: लघवी कोण काढणार? रस्त्यावरच्या अपघातात पाठीच्या कण्याला मार बसून मागचा भाग लुळा पडला की बऱ्याच कुत्र्यांना मूत्राशय आपलं आपण रिकामं करता येत नाही. दिवसातून तीन-चार वेळा कुणीतरी पोट दाबून ते मोकळं करावं लागतं. सकाळी उठल्याबरोबर, दुपारी, संध्याकाळी, झोपण्यापूर्वी. दुपारच्या वेळेपुढे कुणाचंच नाव लिहिता येत नसेल तर अजून थांबा. शिवाय हे काम घरात दोघांना तरी आलंच पाहिजे. एकाला ताप आला, गावी जावं लागलं, तरी मूत्राशय भरायचं थांबत नाही.

हे शिकायला शेल्टरमध्येच जा आणि जे कुत्रं आणणार आहात त्याच्यावरच शिका. दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना, मागच्या मांड्यांच्या किंचित पुढे ठेवायचे. भरलेलं मूत्राशय पाणी भरलेल्या फुग्यासारखं हाताला लागतं. मग सावकाश, एकसारखा दाब द्यायचा. हिसका किंवा जोर अजिबात नाही, आत इजा होते. आमच्या कुत्रीच्या, बाळीच्या वेळी मला तो फुगा सापडायला तीन दिवस लागले. शेवटी डॉक्टरांनी माझ्या हातांवर आपले हात ठेवले तेव्हा कळलं की मी फार वर दाबत होते. एक चूक मात्र कुणीही करू नका. चादर ओली दिसते म्हणजे कुत्रं आपलं आपण लघवी करतं, असं नसतं. पुष्कळदा मूत्राशय काठोकाठ भरून नुसतं ओघळत असतं, आणि आत तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग होतो. उग्र वास, गढूळपणा, रक्ताचा अंश किंवा खाणं सोडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीच्या नमुन्यासाठी एक स्वच्छ बाटली घरात कायम असू द्या.

शेल्टरमधून एक्स-रे आणि औषधांचे कागद मागून घ्या. पायाला खोलवर वेदना जाणवते का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पाय परत चालतील की नाही, याचा अंदाज बराचसा त्या उत्तरावर असतो. जाणीवच नसेल तर घरात आणखी काळजी लागते. अशा पायाखाली थंडीत गरम पाण्याची पिशवी ठेवली तर कातडी भाजते आणि कुत्र्याला पत्ताही लागत नाही. काही कुत्री बधिर पंजा चावून रक्तबंबाळ करतात.

आपल्या घरांतल्या गुळगुळीत फरशीवर पुढच्या पायांनाही पकड मिळत नाही. जिथे वावर असेल तिथे जुने योगा मॅट किंवा रबरी चटया अंथरा. ओट्याखाली, बाल्कनीच्या उंबऱ्यावर, सिमेंटवर ओढत गेल्याने नितंब आणि घोटे सोलवटतात, म्हणून मागच्या भागाला जाड कापडाची पिशवी शिवून घ्या. जाड, लवकर वाळणारी गादी हवी. एकाच कुशीवर पडून राहिलं की हाडावर जखम धरते. डायपर लहान मुलांचं चालतं, शेपटीपुरतं भोक पाडून, पण ते प्रवासात आणि पाहुणे आल्यावरच. दिवसभर बांधून ठेवलं तर कातडी लाल होते.

पावसाळ्याचा वेगळा विचार करा. जून ते सप्टेंबर काही वाळत नाही, माश्या ओल्या जागेवर बसतात आणि छोट्याशा खरचटण्यातही अळ्या पडतात. रोज संध्याकाळी शेपटीखाली आणि मांड्यांच्या मध्ये टॉर्च घेऊन बघायचं. याला पाच मिनिटं लागतात, आणि ती टाळू नयेत.

रेबीजची लस, गोचिडांचं औषध, महापालिकेचा परवाना ही कामं एका आठवड्यात उरकतात. वजन वाढू देऊ नका, सगळा भार पुढच्या दोन पायांवर असतो. सोसायटीने कुरकुर केली तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत दाखवा. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. तरी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना आधी जाऊन भेटा. दिवाळीत फटाक्यांना घाबरून या कुत्र्याला पळता येणार नाही, तेव्हा खिडक्या बंद होणारी एक खोली आत्ताच ठरवा.

मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असू द्या, पण रात्री-अपरात्री फोन उचलणारा जवळचा डॉक्टरही शोधून ठेवा. मनात शंका असेल तर आधी पंधरा दिवस फक्त सांभाळायला आणा. त्यात कमीपणा काही नाही; शेल्टरमधली एक जागा तेवढे दिवस रिकामी होते.

गाडीचं माप घरी रुळल्यावरच घ्या. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, आणि गाडीत झोपू द्यायचं नाही. घरी आणल्यावर पहिल्या रात्री अंथरूण त्याच्याशेजारीच टाका, दोनचा गजर लावा, आणि उठून त्याची कूस बदलून द्या.