गिअरबॉक्सची डिपस्टिक जाम झाली असेल तर

जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे नळीतून आत जाणारी तेलाची पातळी बघायची पट्टी, निघत नसेल तर आधी ओढणं थांबवा. जोर लावून ती कधीकधी निघतेही. पण बऱ्याचदा हातात नुसती प्लास्टिकची मूठ येते आणि पट्टी नळीतच राहते. त्याहून वाईट म्हणजे अख्खी नळीच गिअरबॉक्समधून उपटून येते. ती कशामुळे अडकली आहे हे आधी शोधायचं, उपाय त्यावर ठरतो.

सगळ्यात आधी एक खात्री करून घ्या: तुम्ही ओढताय ती डिपस्टिक गिअरबॉक्सचीच आहे ना? इंजिन ऑइलची वेगळी असते. इंजिन उभं बसवलेल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्सची नळी बहुधा इंजिनाच्या मागे, फायरवॉलजवळ (इंजिन आणि आपण बसतो तो भाग यांच्यातली पत्र्याची भिंत) वर येते. इंजिन आडवं असलेल्या छोट्या गाड्यांत ती गिअरबॉक्सच्या अंगालाच, बॅटरी किंवा एअर फिल्टरच्या आसपास खाली दडलेली असते. मॅन्युअल गाडीत शोधत बसू नका. तिथे बहुतेक वेळा डिपस्टिक नसतेच, गिअरबॉक्सच्या अंगावर एक बोल्ट असतो आणि पातळी तिथून बघतात.

खटका आहे का बघा

मर्सिडीजची डब्ल्यू 124 ही गाडी 1995 पासून पुण्यात जुळवली जाऊ लागली आणि त्यातल्या काही अजून हौशी लोकांनी जपून ठेवल्या आहेत. तिच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकची डिपस्टिक ‘जाम’ झाल्याची तक्रार आली की पहिला संशय खटक्यावर घ्यावा. डिपस्टिकच्या डोक्यावर एक छोटी आडवी पट्टी असते. ती बोटाने वर उचलली की आतली पकड सुटते आणि डिपस्टिक सरळ वर येते. ती न उचलता ओढलं तर तुम्ही कुलूप तोडायला निघालात असाच अर्थ. पंचवीस-तीस वर्षांची धूळ आणि तेल बसून हा खटका डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून आधी ब्रशने साफ करा आणि मग शोधा. काही जुन्या होंडा गाड्यांत डिपस्टिकच्या डोक्याला स्क्रूसारखे आटे असतात, म्हणजे ती ओढायची नसून फिरवून सोडवायची.

मर्सिडीजच्या पुढच्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये तर नळी आहे, वर टोपण आहे, पण आत डिपस्टिकच नाही. टोपणाला प्लास्टिकची पिन असते आणि ती तोडूनच टोपण निघतं. पातळी वर्कशॉपमधल्या वेगळ्या पट्टीने मोजतात. तिथे घरी झटापट करण्यात अर्थ नाही.

तयारी

गाडी सपाट जागेवर, गिअर ‘पी’मध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद आणि किल्ली खिशात. किल्ली काढायची कारण इंजिन गरम असताना रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा अचानक फिरू शकतो. नळी बऱ्याचदा सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाते, तेव्हा गाडी नुकतीच फिरवून आणली असेल तर हात भाजणार नाही इतकी निवू द्या. पूर्ण थंडही नको. कोमट इंजिनात रबर थोडं मऊ असतं आणि त्याचा फायदा होतो.

आता ज्या कामाचा लोकांना कंटाळा येतो ते काम: नळीचं तोंड साफ करणं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलाच्या दाबावर चालतो आणि ते तेल बारीक व्हॉल्व्हमधून फिरतं. तिथे वाळूचा कण किंवा गंजाचा पापुद्रा पोचला तर नुकसान डिपस्टिकच्या किमतीच्या कितीतरी पट. म्हणून डिपस्टिक जागेवर घट्ट बसलेली असतानाच तोंडाभोवतीची माती ब्रशने काढा, फडक्याने पुसा, हवा मारायची सोय असेल तर मारा. कोरड्या फडक्याचं काम झाल्याशिवाय तेल किंवा स्प्रे वापरू नका, नाहीतर मातीचा चिखल होतो आणि तोच आत उतरतो.

आता सोडवा

बहुतेक वेळा गुन्हेगार असते मुठीखालची रबराची ओ-रिंग. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ती आधी फुगते, मग कडक होऊन नळीला चिकटते. इथे ओढण्यापेक्षा फिरवण्याला महत्त्व आहे. लोणच्याच्या बरणीचं चिकटलेलं झाकण आपण वर ओढत नाही, आधी पिळतो, तसंच. एका हाताने नळी तोंडाखाली घट्ट धरा, दुसऱ्या हाताने मूठ थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे हलवा. पूर्ण फेरी मारायची घाई नको, आत लांब पातळ पट्टी आहे आणि तिला पीळ पडतो. चिकटलेली जागा सुटली की हाताला लगेच कळतं.

नाहीच हललं तर तोंडाशी दोन-चार थेंब तेल सोडा आणि तासभर थांबा. बाजारातले गंज सोडवणारे स्प्रे चालतात, पण फवारा मारू नका, फडक्यावर घेऊन थेंब सोडा. माझी पसंती त्याच गिअरबॉक्सच्या तेलाला, म्हणजे एटीएफला. ते पातळ असतं, फटीत झिरपतं आणि आत गेलं तरी काही बिघडत नाही. सोबत हेअर ड्रायरने नळीचं तोंड गरम केलं तर आणखी बरं, मात्र आधी स्प्रे मारला असेल तर तो पुसून, उडून जाऊ द्या. ब्लो लॅम्प, लायटर वगैरे मात्र अजिबात नाही. एटीएफ पेट घेतं, आणि आजूबाजूला वायरिंग असतं.

मुठीला कडी असेल तर तिच्यातून स्क्रू ड्रायव्हर आडवा घालून दोन्ही बाजूंनी सारखा वर उचला. जोर नळीच्या सरळ रेषेतच लागला पाहिजे. तिरपं ओढलं की पट्टी वाकते आणि अडकण्याचं आणखी एक कारण तयार होतं.

डिपस्टिक थोडी वर येऊन मधेच थांबली, तर दोष रबराचा नाही, नळीचा. कधीतरी इंजिन उतरवताना किंवा माउंटिंग बदलताना नळी दबलेली असते, किंवा तिला धरणारी क्लॅम्प सुटून ती एका बाजूला ओढली गेलेली असते. क्लॅम्पचा बोल्ट थोडा ढिला करा, नळी हलकेच सरळ करत पट्टी बाहेर घ्या. किनाऱ्यावरच्या गाड्यांत, मुंबईपासून कोकण-गोव्यापर्यंत, गंज हे तिसरं कारण. तिथे तेलाचे थेंब आणि रात्रभराचा धीर यांना पर्याय नाही.

मूठ तुटलीच तर उरलेलं टोक बारीक तोंडाच्या पकडीने किंवा ग्रिप प्लायरने पकडा आणि तसंच फिरवत वर घ्या. टोक नळीच्या आत गेलं असेल तर ड्रिल लावायचा मोह टाळा, धातूचा कीस थेट गिअरबॉक्समध्ये जाईल. इथून पुढे मेकॅनिकचं काम: नळी पट्टीसकट उतरवायची. काही गाड्यांत नळी वरच्या बाजूला बसते, काहींत थेट चेंबरला, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्याला. चेंबरला असेल तर आधी तेल काढावं लागतं. नळी उतरवली की तिच्या बुडाशी असलेलं सील नवीनच टाकून घ्या.

निघाल्यावर

पट्टी शाबूत आहे का बघा. टोक तुटलेलं वाटलं तर गाडी चालवण्याआधी चेंबर उघडून तो तुकडा काढायला हवा. पट्टीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासा, पण गाडीपासून लांब जाऊन. पुसायला धागे न सोडणारं फडकं घ्या. गॅरेजात हाताशी असतो तो सुती वेस्ट, म्हणजे दोऱ्यांचा गुंता, इथे नको. नळीच्या तोंडात गंज असेल तर दोऱ्याला बांधलेला, ग्रीस लावलेला कापडाचा बोळा थोडा आत बसवून मग घासा, पडलेला कीस बोळ्यावरच चिकटतो. जुनी ओ-रिंग ऑइल सीलच्या दुकानात नमुना म्हणून न्या, त्याच मापाची तेल सोसणारी रिंग घ्या आणि एटीएफचं बोट फिरवून बसवा.

डिपस्टिक हातात आहेच, तर पातळीही बघून घ्या. इथे गाडीगणिक पद्धत बदलते. डब्ल्यू 124 आणि बहुतेक जुन्या ऑटोमॅटिकमध्ये गाडी चांगली फिरवून तेल गरम झाल्यावर, गिअर ‘पी’मध्ये ठेवून, इंजिन चालू असताना बघतात. हे करताना बाही, ओढणी, मोकळे केस पंख्यापासून दूर ठेवा. होंडामध्ये उलट: गरम इंजिन बंद करून लगेच, मिनिटभरात. अमेरिकेत शिकायला गेलेली आपली मुलं घेतात त्या जुन्या टोयोटा कॅमरीच्या पट्टीवर गार आणि गरम तेलाच्या खुणा वेगळ्या असतात. गरम तेलाला गारची खूण लावली तर तेल जास्त झालंय असं उगाच वाटेल. पट्टीच्या दोन बाजूंना वेगळी पातळी दिसली तर खालची खरी धरा.

रंगाकडेही लक्ष द्या. स्वच्छ लाल ठीक. तपकिरी आणि करपल्याचा वास म्हणजे आतल्या क्लच प्लेटा झिजल्यात. दुधाळ गुलाबी दिसलं तर आत पाणी गेलंय, एक तर रेडिएटरमधला तेलाचा कूलर फुटून, नाहीतर गाडी पुराच्या पाण्यात उभी राहून. असं तेल दिसल्यावर गाडी चालू करू नका, ओढून न्या.

डिपस्टिकशिवाय गाडी चालवायचीच वेळ आली तर नळीच्या तोंडावर घट्ट टोपण बसवा. नुसती चिंधी कोंबून चालत नाही: गरम तेल उसळून सायलेन्सरवर पडलं तर आग लागते.

तेल टाकायचं असेल तर थोडंथोडं. डब्ल्यू 124 मध्ये दोन खुणांमधलं अंतर साधारण 0.3 लिटरचं आहे, एका दमात अर्धा लिटर ओतलं तर पातळी वर जाते, तेलाला फेस येतो आणि गिअर घसरायला लागतात. जास्त झालंच तर मोठ्या सिरिंजला पातळ नळी लावून ती डिपस्टिकच्याच वाटेने आत सोडा आणि जादाचं ओढून घ्या.