मारुती ८०० चा गिअरबॉक्स अंगणात उतरवताना

चढाला इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र ओढत नाही, असं व्हायला लागलं की आधी क्लच केबलचा प्ले, म्हणजे केबल ताणायच्या आधीची मोकळी हालचाल, बघा. तो बरोबर असूनही क्लच घसरत असेल तर प्लेट संपली समजा, आणि तिथवर पोचायला गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. ८०० चं उत्पादन २०१४ ला थांबलं, पण आमच्या सांगलीकडे या गाड्या अजून दिसतात आणि घरी काम शिकायला मला तरी हीच गाडी आवडते. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं आडवं इंजिन, त्याला लागूनच गिअरबॉक्स. बॉनेट उघडलं की बहुतेक ठिकाणी हात पोचतो.

जागा कोब्याची किंवा फरशीची हवी. मातीत जॅक रुततो. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, हँडब्रेक ओढा, पुढची बाजू जॅकने उचला आणि चॅसीखाली लोखंडी घोड्या लावा. विटा नकोत, त्या वजनाखाली अचानक फुटतात. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली मी कुणाला जाऊ देत नाही, पडलेला पाना काढायलासुद्धा नाही. घोड्यांवर गाडी बसली की बाजूने जोर लावून हलवून बघा, मगच खाली शिरा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर पहिल्यांदा काढा, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट.

ऑईल सोडायच्या आधी गिअरबॉक्सचा भरायचा बोल्ट ढिला होतो का ते पाहा. तोच गंजून बसला असेल आणि खालचा तुम्ही आधीच उघडला असेल, तर नवीन ऑईल घालणार कुठून? मग ऑईल सोडा आणि क्लच केबल, स्पीडोमीटर केबल, रिव्हर्स लाइटची वायर, सेल्फ (स्टार्टर मोटर) आणि गिअरचे रॉड सोडवा. चाकाचा खालचा बॉल जॉईंट (सस्पेन्शनचा गोल सांधा) मोकळा केला की चाकाचा भाग बाहेर ओढता येतो आणि टॉमीच्या (छोट्या पहारीच्या) हलक्या झटक्याने एक्सल गिअरबॉक्समधून सुटतो. तिथल्या ऑईल सीलच्या ओठाला टॉमी लागू देऊ नका.

आता बोल्ट. बेलहाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडलेल्या घंटेसारख्या तोंडाचे, बोल्ट एकाच लांबीचे नसतात. म्हणून मी जुन्या पुठ्ठ्यावर बेलहाउसिंगचा आकार काढतो आणि निघालेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर त्याच्याच जागी खोचून ठेवतो. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला की ॲल्युमिनियमला तडा जातो आणि त्या तड्याचा खर्च क्लचपेक्षा मोठा होतो. मोबाइलवर फोटो काढाच, पण तेलकट हातांना पुठ्ठाच सोयीचा पडतो.

शेवटचे बोल्ट आणि गिअरबॉक्सचं फौंडेशन (त्याला गाडीला धरून ठेवणारा रबरी आधार) सोडण्याआधी इंजिनाला टेकू द्या, नाहीतर ते त्या बाजूला कलंडतं. सम्पखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्याखाली) आधी फळी, मग जॅक. फळी नसेल तर सम्पचा पत्रा चेपतो. गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक आणि धरायला दुसरा माणूस पाहिजेच. गिअरबॉक्स सरळ रेषेत इंजिनापासून बाजूला सरकवायचा. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये अडकलेला असताना वजन त्यावर लोंबकळलं तर प्लेटचा मधला भाग वाकतो. अडत असेल तर राहिलेला बोल्ट शोधा. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर ठोकू नका.

प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेट दाबून धरणारं झाकण) आणि फ्लायव्हीलवर (ती ज्यावर बसते ते इंजिनाचं जड चाक) खूण करून ठेवा. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे ढिले करत जा. आतली काळी धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. फ्लायव्हीलच्या मागे तेलाचा ओलावा दिसला तर क्रँकचं सील याच वेळी बदला, आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं बेअरिंग) तर बदलाच. एवढ्या स्वस्त भागासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं परवडत नाही. काढलेलं ऑईल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, गटारात सोडू नका.