सिम्युलेशनमध्ये नीट, पण खरा रोबोट हात झटके खातो: उपाय सापडला

लक्षण: मूव्हइटने (रोबोटच्या हालचाली आखणारं सॉफ्टवेअर) आखलेला मार्ग आरव्हिझमध्ये (रोबोट पडद्यावर दाखवणारं साधन) लोण्यासारखा चालतो, खरा हात मात्र तोच मार्ग अडखळत कापतो. हाताचे सर्वो (सांध्यांच्या मोटरी) यूएसबी-सिरियल अ‍ॅडॅप्टरवर, संगणक लिनक्सचा. कंट्रोल लूप (सर्वोंची स्थिती वाचून आज्ञा देणारी फेरी) १०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १०० फेऱ्यांना लावलेला, मोजला तर ६० च्या आसपास.

पीआयडी गेन (मोटर-नियंत्रणाचे गुणांक), वेगमर्यादा, बॉडरेट (सिरियल जोडणीचा वेग), केबल, सगळं बदलून झालं. लूप ६० वरून हलेना, डोकं पार पिकलं.

पण खरा सुगावा त्या ६० मध्येच होता. अ‍ॅडॅप्टरची एफटीडीआय चिप सर्वोंची छोटी उत्तरं लगेच पुढे पाठवत नाही. बफर भरेपर्यंत किंवा लेटन्सी टायमर संपेपर्यंत धरून ठेवते. हा टायमर मुळात १६ मिलिसेकंदांचा असतो. दर फेरीला एकदा १६ मिलिसेकंदांचा थांबा, म्हणजे जेमतेम ६२ हर्ट्झ.

आधी कंट्रोलर बंद करा. सिस, बस, यूएसबी-सिरियल, डिव्हाइसेस या वाटेने आपल्या पोर्टच्या फोल्डरात जा. तिथली लेटन्सी-टायमर फाइल कॅट कमांडने वाचा, १६ दिसेल. (फाइलच नसेल तर तुमची चिप वेगळी, हा उपाय तुमच्यासाठी नाही.) तिच्यात १ लिहा. इथे सुडो (प्रशासकाच्या हक्काने कमांड चालवणं) इको आणि बाण (>) चालत नाही, कारण फाइल तो हक्क नसलेला साधा शेलच उघडतो. इकोचा आउटपुट पाइपने सुडो टी (फाइलीत लिहिणारी कमांड) कडे द्या. कंट्रोलर सुरू करा. माझा लूप लगेच १०० वर स्थिरावला, झटके गेले.

केबल काढून लावली की पुन्हा १६ होतं. म्हणून यूडेव्हच्या (उपकरण जोडल्यावर नियम लावणारी लिनक्सची यंत्रणा) रूल्स फोल्डरात नियम टाका: यूएसबी-सिरियल उपकरण जोडलं जाताच हा गुणधर्म १. नियम रीलोड करून केबल पुन्हा जोडा, आणि कॅटने खात्री करा.