गणितात पीएच.डी.चा अर्ज करताय? आधी पत्रांचं बघा

अर्जाची तयारी म्हटलं की बहुतेक जण गुणपत्रकं गोळा करायला लागतात. गणिताच्या बाबतीत सुरुवात शिफारसपत्रांपासून करावी, कारण सगळ्या अर्जात तेवढीच गोष्ट आपल्या हातात नसते. सहसा तीन पत्रं लागतात. ती कोण लिहिणार, हे मुदतीच्या तीन महिने आधी ठरलेलं असावं. ठरवताना मोठ्या नावामागे धावू नका. ‘वर्गात पहिला आला’ हे गुणपत्रकातही दिसतं. ‘सिद्धता अडली तेव्हा दोन आठवडे झगडून वेगळी वाट काढून आला’ हे लिहायला तुम्हाला अडताना पाहिलेलं माणूस लागतं. असं कोणी नसेल तर हाताशी असलेलं सत्र त्यासाठीच खर्ची घाला: एक शिक्षक, एक पुस्तक, आणि दर आठवड्याला फळ्यासमोर उभं राहून त्यातलं एखादं प्रकरण समजावून सांगणं. पत्र मागताना सोबत बायोडेटा, एसओपीचा (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे काय आणि का करायचं आहे ते सांगणारं निवेदन) कच्चा मसुदा आणि सगळ्या तारखांचा एक तक्ता द्या. आठवण करायला संकोचू नका, प्राध्यापक विसरतात.

मग कुठे अर्ज करायचा ते. अमेरिकेत बरेच विभाग पदवीनंतर थेट घेतात. पाच-सहा वर्षं लागतात, सुरुवातीला कोर्स आणि क्वालिफाइंग परीक्षा (संशोधनाला लागण्याआधीची पात्रता परीक्षा) असतात आणि गाईड नंतर ठरतो. मुदती मुख्यतः डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागतं, काम तीन-चार वर्षांचं असतं आणि विषय व गाईड बऱ्याचदा प्रवेशाच्या वेळीच पक्के होतात. जर्मनीत तर अनेक जागा चक्क नोकरीसारख्या जाहिरातीतून भरतात, वर्षभरात कधीही. त्यामुळे एकच अर्ज दोन्हीकडे पाठवून चालत नाही. अमेरिकेत रस कशात आहे एवढं सांगून भागतं, युरोपात कोणाकडे आणि कशावर काम करणार हेही सांगावं लागतं.

गाईड शोधायला आर्काइव्ह (arXiv, संशोधकांचे पेपर मोफत वाचायला मिळणारी वेबसाइट) आहेच. विभागाच्या पानावरची ‘संशोधनाची आवड’ जुनी असू शकते, म्हणून त्या व्यक्तीचे गेल्या दोन-तीन वर्षांतले पेपर काढा आणि निदान प्रस्तावना वाचा. सगळं कळणार नाही, कळायची अपेक्षाही नसते. प्रश्न काय आहे एवढं कळलं तरी पुरे. झेडबीमॅथ ओपन (zbMATH Open) ही गणिती पेपरांची सूची 2021 पासून सगळ्यांना मोफत खुली आहे, तिथे पेपरांचे परिचय मिळतात. मॅथेमॅटिक्स जीनिॲलॉजी प्रोजेक्ट या वेबसाइटवर कोणाच्या हाताखाली किती जणांनी कोणत्या साली पदवी घेतली ते दिसतं. त्यांच्या सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला दोन ओळींची ईमेल करून ‘सर किंवा मॅडम किती दिवसांनी भेटतात?’ हे विचारून घ्या. माझ्या मते हा प्रश्न विद्यापीठाच्या क्रमवारीपेक्षा महत्त्वाचा आहे.

एसओपीतून ‘लहानपणापासून आकड्यांची आवड’ काढून टाका. ती अर्ज करणाऱ्या प्रत्येकालाच असते. त्याऐवजी तुम्ही खरोखर झुंजलेलं एक प्रमेय घ्या: काय सिद्ध करायचं होतं, कुठे अडलं, कोणती अट काढली की प्रतिउदाहरण मिळतं. ‘मला टोपोलॉजी करायची आहे’ म्हणजे फारसं काहीच सांगितलं नाही, त्यातली कोणती गल्ली ते लिहा. मुलाखत झाली तर प्रश्न याच परिच्छेदावर येतील, तेव्हा लिहिलेल्या प्रत्येक शब्दाची व्याख्या तोंडपाठ हवी.

जीआरई या अमेरिकी प्रवेशपरीक्षेची गणित विषय-परीक्षा अनेक विभागांनी ऐच्छिक केली आहे, काही विचारतही नाहीत. आधी प्रत्येकाचं पान तपासा. द्यायचीच असेल तर 66 प्रश्न, 2 तास 50 मिनिटं, आणि साधारण निम्मे प्रश्न कॅल्क्युलसचे. ॲनालिसिसमध्ये मुरलेली मुलं नेमकी इथेच वेगात मागे पडतात, म्हणून जुनी इंटिग्रेशनची वही बाहेर काढा.

बाकीचं भराभर: बायोडेटा लेटेकमध्ये (LaTeX, गणिती मजकूर नीट छापण्याची संगणक-प्रणाली), नावाचं स्पेलिंग सगळीकडे पासपोर्टप्रमाणे, टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षांच्या आतला, आणि अर्जाचं शुल्क जड जात असेल तर माफीची विचारणा मुदतीच्या बरीच आधी.

‘सबमिट’ दाबलं तरी पोर्टल बंद करू नका. तीनही पत्रांपुढे ‘मिळालं’ अशी खूण दिसेपर्यंत एक दिवसाआड बघत राहा. तिसरं पत्र बहुधा शेवटच्या रात्री येतं.